डागाखालचा भुसा

ऐंशी नंबर.

नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली, त्याला तीन महिने झाले होते. उद्यापासून चार मुलं शिकवणीला येणार, म्हणून तिने जुन्या बाजारातून टेबल आणलं. त्यावर एका कडेला कपाचा काळा, गोल डाग होता. नवं घेणं परवडत नव्हतं आणि डाग बघून मुलांच्या आया नाक मुरडतील ही धास्ती. म्हणून सकाळीच तिने सगळ्यात खरखरीत, ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घासायला घेतला.

एकशेवीस नंबर.

"वन्सं, टेबल घासताय की कुणावर राग काढताय?" वहिनीने दारातून विचारलं.

"दोन्ही."

डाग फिका झाला. खांदे भरून आले, तरी तिने आणखी जोर लावला.

दोनशेवीस नंबरपर्यंत ती पोचलीच नाही. डागाखालून दाबलेला भुसा वर आला. लाकूड होतं ते फक्त वरच्या कागदाएवढ्या पापुद्र्यात.

"म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा!" वहिनी म्हणाली.

ती हसली नाही. भिंतीला टेकून खालीच बसली. "आता मुलांच्या आयांना काय दाखवू?"

"काही दाखवू नका. पॉलिशचा एक हात मारा आणि पडा जरा."

बऱ्याच वेळाने तिने उठून भुशासकट सगळीकडे पॉलिश मारलं. मग त्या कडेला खुर्ची ओढून बसली आणि ओल्या पॉलिशवर कोपर अधांतरी धरून पाहिलं. भुसा बरोबर झाकला जात होता.

"मी इथेच बसेन," ती म्हणाली. "तासभर हात हलवायचा नाही. तसाही उद्या तो हलेल असं वाटत नाही."