ऑपरेशनची तारीख

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगावं म्हणून मनातल्या मनात हात जोडून बसलेला पेशंट सीताबर्डीच्या त्या दवाखान्यात बहुधा एकच असेल, आणि तो म्हणजे प्रेमानंद. एकतीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेला माणूस. कंबर त्याची खरंच दुखत होती, त्यात खोट नव्हती. काटोलच्या रस्त्यावरचे खड्डे, हादरणारी सीट, आठ-आठ तासांची बैठक, हे सगळं शेवटी कमरेत येऊन बसलं होतं, आणि तीन आठवड्यांपासून उजव्या पायात कळ उतरत होती. पण कळ ही काही त्याची मुख्य तक्रार नव्हती.

मुख्य तक्रार अशी, की एकुलती एक लेक दीक्षा हैदराबादेत नोकरीला होती आणि दीड वर्षात तिचे पाय घराला लागले नव्हते. फोन रोज यायचा. गोळ्या घेतल्या का, जेवले का, सगळी विचारपूस व्हायची. मागच्या रविवारी मात्र ती म्हणाली, "बाबा, ऑपरेशन ठरलं तर मले तारीख सांगा. पंधरा दिवसांची सुट्टी टाकून येते."

पंधरा दिवस! तेव्हापासून हा गडी हवेतच होता. पहिले पाच दिवस दवाखान्यात जातील, ते सोडून द्या. उरले दहा. सकाळी ती उशिरापर्यंत झोपेल, तिच्या चहावर झाकण ठेवायचं. संध्याकाळी तिचा हात धरून सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत हळूहळू चालायचं. ऑपरेशन झालेल्या बापाला कोण एकटं सोडतं? लेकीचा हात शेवटचा कधी धरला होता, हे त्याला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचंच त्याला फार वाईट वाटायचं.

मग ड्रायव्हरसाहेबांनी तयारी केली. गल्लीतल्या चंपतरावांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्याकडे तासभर बसून डॉक्टरांनी काय काय विचारलं, ते खोदून खोदून काढलं. चंपतरावांचं पाऊल लुळं पडलं होतं, चालताना चप्पल निसटायची. प्रेमानंदाने तेवढं पाठ करून टाकलं.

डॉ. नंदिनी कडूंनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. "काका, लघवी-संडासवर ताबा आहे ना?"

"आहे जी." बायको कौशल्या शेजारीच बसलेली. तिच्यासमोर एवढं मोठं खोटं बोलायला जीभ धजावली नाही.

"पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटते?"

"हो जी. चप्पल निसटून राहिली पायातून."

कौशल्याने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. प्रेमानंद फिल्मकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी त्याला टेबलावर आडवं केलं आणि उजव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. अंगठा जागचा हलला नाही. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, तशी प्रेमानंदाच्या छातीत आनंदाची धडधड सुरू झाली.

"किती वर्षं गाडी चालवली?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"एकतीस. एक ॲक्सिडेंट नाही."

"आणि समोर अचानक गाय आली तर?"

असं ड्रायव्हरला कोणी विचारतं का? "हे पाहा, असं," म्हणत त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, अंगठ्यासकट ताठ, आणि हवेतला ब्रेक दाबला. तिघंही त्या पायाकडे बघत राहिले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "काका, मणक्यातली गादी जराशी सरकली आहे. या वयात कितीतरी जणांची सरकलेली असते. पायातली ताकद जायला लागली, लघवी-संडासचा ताबा सुटला, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. नाहीतर आधी गोळ्या, व्यायाम, रोजचं चालणं. एवढं करूनही दीड-दोन महिन्यांत पायातली कळ हटली नाही, तर ऑपरेशनचा विचार करू. ऑपरेशन नको म्हणून रडणारे रोज येतात. तुम्ही पहिलेच."

ऑटोत बसल्यावर त्याला वाटलं, आता कौशल्या फाडून खाणार. ती बाहेर बघत म्हणाली, "मी काही विचारून नाही राहिली. मी बी तिच्या गादीची खोळ धुवून ठेवली." घर येईपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. "काय म्हणाल्या डॉक्टर? तारीख?"

"ऑपरेशन नाही लागत."

"बरं झालं बाबा! जीवात जीव आला माह्या. मग सुट्टीचं मी ऑफिसात..."

"सुट्टी रद्द करू नको," प्रेमानंद घाईघाईने म्हणाला. "ये तू."

"काहून? काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. काहीच नाही झालं." एवढ्या दिवसांत पाठ केलेलं काहीच आता कामाचं नव्हतं. "तुले पाहावंसं वाटून राहिलं बेटा. लय वाटून राहिलं."

दीक्षाचा आवाज ओला झाला.

"बाबा, मागच्या वेळी मी आठ दिवसांसाठी आली होती. चौथ्याच दिवशी तुम्ही म्हटलं, तिकडं तुह्यं काम अडलं असन, जाय आता. मी गाडीत रडत गेली. मले वाटलं, घरी माह्यी अडचण होऊन राहिली."

प्रेमानंद मटकन खुर्चीत बसला. कमरेतून सणकन कळ गेली, तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"मी तुह्यासाठी म्हटलं होतं वं."

"आणि मी तुमच्यासाठी गेली, बाबा."

फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.