चिंचेतला खिळा

"चालवणार कोण?" दुकानदार सुब्रमण्यमनं तिसऱ्यांदा विचारलं आणि भुवनाच्या मस्तकात तिडीक गेली.

"मीच," ती म्हणाली. "पहिल्यांदा विचारलंत तेव्हाही मीच होते."

तंजावूरच्या त्या यंत्रांच्या दुकानात भिंतीला लागून चेनसॉ, दातेरी साखळीवर चालणाऱ्या करवती, मांडून ठेवल्या होत्या. सुब्रमण्यमनं आधी तिच्या हातात विजेवर चालणारी एक हलकी करवत दिली. बायकांना बागेतल्या फांद्या छाटायला ही बरी, असं वर सांगितलं. मग दुसरी काढली, स्वस्तातली, बावीस इंची पात्याची, सगळे नेतात ती. भुवनाला दोन्ही नको होत्या. ओरत्तनाडूच्या घरी परसातली जुनी चिंच वादळात आडवी झाली होती आणि त्या खोडाच्या फळ्या तिला स्वतःच्या हातानं काढायच्या होत्या.

आयुष्य तिनं पोस्टाच्या काउंटरवर काढलं. पण गेली आठ-दहा वर्षं रविवार मात्र लाकडाचा. आधी एक स्टूल केलं, ते डुगडुगलं. मग दुसरं केलं, ते डुगडुगलं नाही. पाट झाले, कपाट झालं, शेजारच्या जयलक्ष्मीच्या नातवाचा पाळणा झाला. लाकूड ती वखारीतून आणायची. अख्खं खोड चिरणं ही निराळी गोष्ट आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तीन आठवडे तिनं मोबाईलवर दुसरं काही पाहिलंच नव्हतं. फांदी आडवी कापायला कुठलीही करवत पुरते. खोड उभं चिरायचं तर इंजिनला बराच वेळ दम धरावा लागतो. लहान इंजिन अर्ध्या फळीतच तापून बसतं. फळीची जाडी सारखी राहावी म्हणून करवतीला जी लोखंडी चौकट लावतात, ती पात्याचे चार-पाच इंच खाते. म्हणजे तिच्या दोन फुटी खोडाला तीस इंची पातं हवं. साखळीही वेगळी, उभ्या चिरण्यासाठी दात घासलेली. हे सगळं तिनं सांगितलं, तरी सुब्रमण्यम तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. तिच्याबरोबरचा कोणी पुरुष गाडी लावून मागून येत असेल, असं त्याच्या मनात असावं.

"आधी उचलून तरी बघा," तो शेवटी म्हणाला आणि मोठी करवत आतून घेऊन आला.

तिनं उचलली. वजन चांगलंच होतं. पण खाली ठेवताना तिनं ती आदळू दिली नाही, आणि ते त्यानं पाहिलं. मग तो जरा माणसात आला. चिंच साखळीचे दात बोथट करते, कानस घेऊन जा, आणि पेट्रोलच्या दर टाकीला दात घासा, म्हणाला. भुवनानं साखळ्या दोन मागितल्या. दुसरी कशाला, असं त्यानं विचारलं.

"एक वाया जाणार आहे," ती म्हणाली. का, ते सांगितलं नाही. त्याला काय सांगणार कप्पाळ!

त्या झाडात खिळा होता. भुवनाचा खिळा.

सतरा वर्षांची असताना घरच्यांनी तिचं लग्न मामाच्या मुलाशी ठरवलं होतं. तिनं नाही म्हटलं. ऐकलं नाही कुणी, तेव्हा तिनं जेवण सोडलं. तरीही ऐकलं नाही, तेव्हा पाण्याची घागर उचलून अंगणात आपटली आणि वडिलांना तोंडावर सांगितलं, की तुम्हीच करा त्याच्याशी लग्न. पोरीला राग आला आहे, एवढी साधी गोष्ट त्या घरात एकाही शहाण्याला सुचली नाही. तिच्या अंगात कोणीतरी शिरलं आहे, असं ठरलं. गावदेवीच्या पूसारीला, म्हणजे पुजाऱ्याला, बोलावलं. त्यानं तिला चिंचेला पाठ टेकवून बसवलं, लिंबू कापलं, कडुलिंबाचा पाला तोंडावरून फिरवला. तिच्या केसांची एक बट लोहाराकडून आणलेल्या खिळ्याला गुंडाळली, खिळा झाडात ठोकला आणि बट कापली. तिचे गुडघे आईनं, भागीरथीनं, दाबून धरले होते. शिरलेलं जे काही होतं ते झाडात गेलं, म्हणाले.

बातमी गावभर झाली आणि मामानंच लग्न मोडलं. पुढे दुसऱ्या कुणी विचारलंही नाही. भुवना गप्प झाली. कितीतरी दिवस ती विहिरीकडे, त्या चिंचेकडे फिरकलीच नाही. पुढे खिळा दिसेनासा झाला, तेव्हा झाडानं तो गिळला, आता कायमचा बसला, असं वडील समाधानानं म्हणाले. आणि तेव्हापासून घरात एक गंमत सुरू झाली. भुवनाचा आवाज जरा चढला की कोणीतरी म्हणायचं, खिळा सैल झाला वाटतं. मग सगळे हसायचे. वडील गेल्यावर भाऊ सतीशकुमारनं शेत परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं. माझा वाटा कुठे, असं तिनं विचारलं, तेव्हाही तो हेच म्हणाला आणि जमलेले सगळे हसले. भुवनाही हसली. ते हसणं तिला आजही झोपू देत नाही. कारण राग वर आला की तिला स्वतःलाच वाटायचं, खरंच सैल झाला की काय. मग ती गिळून टाकायची. अशी पस्तीस वर्षं तिनं गिळली.

झाड पडल्यावर सतीशकुमारनं घाईघाईनं गावातल्या करवतगिरणीत जाऊन खिळ्याची गोष्ट सांगितली. झालं! खिळ्यावर पातं तुटेल म्हणून गिरणीवाल्यानं हात वर केले, आणि भुताच्या भीतीनं मजुरांनी. ट्रॅक्टरला बांधून खोड कालव्यात ढकलू, असं सतीशकुमारचं म्हणणं होतं. खिळा सुटला तर कोण निस्तरणार?

"माझं मी बघीन," भुवना त्याला म्हणाली होती, आणि तीन आठवड्यांनी तंजावूरची बस धरली होती.

रविवारी सकाळी सतीशकुमार बायकोमुलांना घेऊन तिरुवैयारूला सासुरवाडीला निघून गेला. सहज, म्हणाला. भागीरथी तेवढी मागच्या पायरीवर येऊन बसली. भुवनानं तिला कानात घालायला कापूस दिला. खोडावर ॲल्युमिनियमची शिडी पाटाला पाट लावावा तशी नीट बसवली, म्हणजे पहिला काप सरळ जाईल. मग बसलेल्या मुलीचं डोकं टेकेल तेवढी उंची बुंध्यापासून मोजून तिथे खडूनं गोल काढला. शहाणा माणूस ती जागा टाळून फळ्या काढतो. तिला नेमकं तिथूनच चिरायचं होतं. साखळी जाईल ती जाऊ दे. तो खिळा तिला उघडा, डोळ्यांसमोर हवा होता. त्यासाठीच दुसरी साखळी होती.

करवत सुरू झाली तसे कावळे उडाले. काप इंचाइंचानं सरकत होता, मागच्या फटीत ती पाचरी ठोकत होती. निळा धूर, अंगावर भुसा, दंडात गोळे. खडूच्या खुणेपाशी तिनं दात आवळले आणि ठिणगीची वाट पाहिली.

काही झालं नाही. करवत पलीकडे गेली.

तिनं तीन बोटं खाली दुसरा काप घेतला. मग तिसरा. कुठे काही नाही. करवत बंद करून तिनं फळी उलटी केली आणि भुसा हातानं झाडला. आतून चिंच काळसर तपकिरी, तुळतुळीत निघाली होती. लोखंड मुरलं की चिंचेला शाईसारखा डाग पडतो, तो नव्हता. खुणेपाशी एक बोटभर रेघ होती फक्त, जखम भरून यावी तशी भरून आलेली.

"तेथें नाहीं तो," पायरीवरून भागीरथी घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली.

भुवना वळली.

"मींच काढला. तिसऱ्या दिवशीं, तुझ्या बाबांच्या पकडीनं. पाणी सेंदायला जातां येतां तुझे केस दिसत. मज बघवेना."

भुवनाला आधी काही कळेचना. मग कळलं. त्या झाडात कधी काही अडकलेलंच नव्हतं. इतकी वर्षं तिला कोणी धरून ठेवलं नव्हतं. ती नुसती गप्प बसली होती, आणि या बाईला ते ठाऊक होतं.

"मज सांगितलं कां नाहींस?"

"तूं शांत जालेलीस ना. बाबाही शांत जाले. म्हटलं, चाललंय तें चालूं दे."

"ते हसत तेव्हां? शेत गेलं तेव्हां? तेव्हां तरी?"

भागीरथीनं पदरानं तोंड पुसलं.

"कोठं आहे तो?" भुवनानं विचारलं.

"चांगलं लोखंड होतं. टाकायचं कां, म्हणून भिंतींत मारला," भागीरथी म्हणाली. "तूं पिशवी कशावर अडकवतीस रोज?"

भुवना भुशानं भरलेल्या पायांनी घरात गेली. पुढच्या दाराआड, खांद्याच्या उंचीवर, तिची पोस्टाची पिशवी लटकत होती. तिनं ती काढली. खिळा लोहारानं ठोकलेला, चौकोनी, चपट्या डोक्याचा. गंजलेला मुळीच नव्हता. पिशवीच्या बंदानं घासून घासून चकचकीत झाला होता. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून दर संध्याकाळी ती घरी येऊन त्याच्यावरच पिशवी अडकवत आली होती.

मागून भागीरथी भिंत धरत धरत आली होती.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"हो," भुवना म्हणाली. "मी रागावलें. दुसरं कुणी नाहीं. मीच."

भागीरथीनं मान हलवली. भुवनानं पिशवी खाली जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवली, आणि परसात जाऊन करवतीच्या टाकीत पेट्रोल भरलं. खोड अजून अर्धं बाकी होतं.