पोटावर तीन नावं

मित्रांनो, माझ्या पोटावर तीन नावं कोरलेली आहेत. त्यातलं एकही माझं नाही. मी पाणी गाळणारा एक जुना स्टीलचा फिल्टर आहे. कॅनडातल्या मिसिसागा शहरात एका कम्युनिटी हॉलच्या बेसमेंटमध्ये राहतो.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पोटात पाणी गाळणाऱ्या दोन पांढऱ्या कँडल, खाली एक तोटी. दूर एका बेटावर वादळामागून वादळ येतं, विहिरी गढूळ होतात आणि मुलं जुलाब-उलट्यांनी आजारी पडतात. त्या मुलांसाठी इथल्या मराठी मंडळाने आम्हा दोनशे भावंडांना मागवलं. आम्ही कारखान्यातून थेट बेटावर जाऊ शकलो असतो. पण मग देणाऱ्यांची नावं कोण घालणार? म्हणून आम्ही आधी कॅनडात आलो.

नावं घालायचं यंत्र फक्त विश्वनाथकाकांना चालवता येई. सगळ्यांना दाखवायचा नमुना म्हणून त्यांनी पहिली माझ्यावर नावं घातली. घरर्र घरर्र करत ते स्टील खरवडत होते तेव्हा मी अंग चोरून बसलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याबरोबर फोटो काढले. मला वाटलं, आता निघालोच! पण दुसऱ्याच दिवशी काका मुलाकडे कॅल्गरीला गेले. महिन्याने येणार होते. भावंडं खोक्यांत तशीच राहिली.

हॉलची साफसफाई रोझलीन करायची. ती त्याच बेटावरची. तिची सहा वर्षांची मुलगी आजीजवळ तिकडेच होती. त्या आठवड्यात तिकडे वादळ झालं. गुरुवारी रोझलीन मॉप भिंतीला टेकवून अध्यक्ष नीलिमाकाकूंसमोर उभी राहिली. शेजारी मंडळाची कार्यकर्ती रुचा खोकी मोजत होती. बेसमेंटची किल्ली तिच्याच गळ्यात होती.

"मॅडम, जस्ट वन. माझी बहीण शनिवारी निघतेय, ती नेईल. मुलीला कालपासून जुलाब होताहेत. विहिरीचं पाणी खराब झालंय." रोझलीनने फोनवर फोटो दाखवला. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"ओह, सो क्यूट! मला व्हॉट्सॲप कर हं," काकू म्हणाल्या. मग रुचाकडे वळून मराठीत, "नावाशिवाय एकही बाहेर जाणार नाही, मीटिंगमध्ये ठरलंय. एकीला दिला की उद्या दहा जणी उभ्या राहतील."

"काकू, मग हा द्यायचा का? याच्यावर नावं आहेत," रुचाने माझ्याकडे बोट केलं.

"डेमो पीस? आणि रविवारी देणगीदारांच्या कार्यक्रमात काय, बादली ठेवू? तू फार हळवी आहेस बाई."

रुचा स्वतःच्या लेकीला इथल्या नळाचंही पाणी उकळून देते. पर्समध्ये सॅनिटायझरच्या दोन बाटल्या असतात. तिने किल्ली मुठीत धरली, थोडा वेळ धरूनच ठेवली आणि मग परत खोकी मोजू लागली. मी तर जागचा हलूही शकत नव्हतो, मित्रांनो. तिला पाय होते.

शनिवारी बहीण गेली. रविवारी माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. मंगळवारी ती मुलगी गेली.

आठ दिवसांनी रोझलीन कामावर आली. दारातच मोठं पोस्टर लावलेलं होतं. दोन वेण्या, पडलेला दात, आणि खाली लिहिलं होतं, 'तुमच्यामुळे मी शुद्ध पाणी पिते.'

रोझलीनकडून कळल्यावर रुचा धावत काकूंकडे गेली. "काकू, ते आधी काढा हो. ती मुलगी नाहीये आता."

"अरे देवा!" काकू म्हणाल्या. "पण आता छापून झालंय गं. आणि इथे कोणाला माहितेय?"

रुचाची लेक पोस्टरसमोर उभी होती. "आई, हू इज शी?" रुचाने तिचा हात धरला आणि तिला तिथून ओढून नेलं.

संध्याकाळी रोझलीन काकूंकडे आली. तिने पोस्टर फाडलं नाही की आवाजही चढवला नाही. "मॅडम, कार्यक्रम संपले की हे मला द्याल? माझ्या आईकडे तिचा एकही मोठा फोटो नाही."

"ऑफ कोर्स! घे ना!" काकू खूश झाल्या. "बघ रुचा, किती आवडलं तिला."

माझी भावंडं हिवाळा सरल्यावर निघाली. सगळ्यांच्या पोटावर ठसठशीत नावं होती. मी मात्र इथेच आहे. माझ्या कँडल काढून टाकल्यात. आता कार्यक्रमात माझ्यात कोकम सरबत भरतात. शेवटी रोझलीन मला घासायला घेते. नावांवरून काथ्या फिरवताना ती एकच नाव पुटपुटत असते, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक झाली.

मित्रांनो, तहानलेल्याला आधी पाणी द्या. नावं घालायचं यंत्र कुठे पळून जात नाही. आणि नाव घालायचंच असेल, तर आधी त्या मुलीला तिचं नाव विचारा.

तिचं नाव एस्टेल होतं. इथे कुणी विचारलंच नाही.