लागलेली कडी

मी बागेच्या फाटकाची कडी बोलतेय. दाराची नव्हे हं, फाटकाची. दाराच्या कड्यांना ऊनपाऊस ठाऊक नसतो, त्यामुळे त्यांचा तोरा वेगळा. मी आपली कमरेएवढ्या लाकडी फाटकाला आतून बसवलेली, साधी, बोटभर जाडीची. समोरच्या खांबावर माझा कोयंडा. त्यात जाऊन बसायचं, एवढंच माझं काम, आणि तेवढंही मला कित्येक वर्षं धड जमलं नाही.

मला या घरी आणलं ते म्हाताऱ्यांनी. तेव्हा ते म्हातारे नव्हते. दुकानात त्यांनी ढीगभर कड्या सरकवून बघितल्या, सगळ्यांना नावं ठेवली आणि नाइलाजानं मला घेतलं. कारखान्यात तयार माल तपासायची त्यांची नोकरी. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या, आणि घरी आल्यावरही तेच. मुलानं खिळा ठोकला तर तिरका, भिंत रंगवली तर ओघळ. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, घरात सून आली, पण बापाच्या तोंडून 'शाबास' काही त्याच्या वाट्याला आलं नाही.

पुढे फाटक खचलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू लाकडात सैल झाले, फाटक एका अंगाला लोंबलं आणि मी कोयंड्याच्या खाली आले. मग घरातल्यांनी काय करावं? दुरुस्ती? छे! गुडघ्यानं फाटक उचलायचं आणि तेवढ्यात मला सरकवायचं, अशी युक्ती काढली. लावतानाही गुडघा, काढतानाही गुडघा. माणसांचं हे मला कधी कळलेलं नाही. रोज गुडघे दुखवून घेतील, पण एकदा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायचा म्हटलं की जिवावर येतं.

नंतर म्हाताऱ्यांचं डोकं विसरायला लागलं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग बायको वारली हेसुद्धा. मधूनच त्यांना वाटे, कामाला उशीर झाला. शर्ट खोचून फाटकाशी येत आणि मला ओढत बसत. पण गुडघ्याची युक्तीही ते विसरले होते. फाटकाचा सगळा भार माझ्यावर, मी कसली हलतेय? थोडा वेळ झटत, मला शिव्या घालत आणि आपण कशाला आलो होतो तेच विसरून झाडांना पाणी घालायला जात. वाकडी का होईना, मी घराच्या उपयोगी पडत होते, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

सुनेचा जीव मात्र सदा टांगणीला. दिवसभर घरात ती आणि सासरे, दोघंच. मी लागलेली असले की तिला काळजी नसे. पण दूधवाल्याला, पेपरवाल्याला कुठली पडलीय गुडघा लावायची? ते आपले फाटक नुसतं लोटून जायचे. दोनदा सासरे तसेच बाहेर पडले आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या वाण्यानं त्यांना हाताला धरून परत आणलं. दुसऱ्या वेळी तिनं त्यांना आत नेऊन बसवलं आणि गुडघा लावून मला स्वतः सरकवलं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला म्हणाली, "ही कडी नीट करा. कोणालाही सहज लावता आली पाहिजे. नाहीतर एक दिवस ते मोठ्या रस्त्यावर जातील आणि मग आपण रडत बसू." काय चुकीचं बोलली बिचारी? काहीच नाही.

सुटीच्या दिवशी मुलगा कामाला लागला. फाटकाखाली विटा आणि पाचर सारून ते उचललं, बिजागरीच्या सैल भोकांत लाकडाच्या काड्या ठोकल्या, लांब स्क्रू पिळले, मला तेल पाजलं. वडील शेजारी स्टुलावर बसून तळहातावर स्क्रू सांभाळत होते. शेवटी मी सरळ जाऊन कोयंड्यात बसले. खोटं कशाला सांगू, मला फार सुख वाटलं. म्हातारे उठले. कारखान्यात बघत असतील तसं एक डोळा मिटून त्यांनी मला बघितलं, आतबाहेर सरकवलं आणि म्हणाले, "शाबास. चूक नाही."

मुलाचे डोळे भरून आले. एवढा बाप्या माणूस, पण अगदी पोरासारखा हरखला. "बाबा, परत बघा ना. एका बोटानं सरकते," म्हणत त्यानं त्यांना पुन्हा पुन्हा सरकवायला लावली. म्हाताऱ्यांच्या हाताला मी पाठ झाले. पायरीवर उभी राहून सून कौतुकानं बघत होती. अरे, काय करून बसलात, असं मला सांगायचं होतं, पण माझं ऐकतो कोण?

दुसऱ्याच दुपारी सून मागच्या अंगाला कपडे वाळत घालत होती. म्हातारे शर्ट खोचून आले, एका बोटानं मला सरकवलं आणि बाहेर पडले. आता जन्मभराचे शिस्तीचे ते, फाटक उघडं कसं टाकतील? वळले, वरून हात आत घालून मला लावलं, फाटक ओढून खात्री केली आणि चालू लागले.

सून पुढे आली. सासरे दिसेनात. तिची पहिली नजर माझ्यावर. मी लागलेली, अगदी नीट. गेले असते तर कडी उघडी असती, म्हणजे आतच आहेत, असं म्हणून ती घरात शोधायला गेली. न्हाणीघर बघितलं, पलंगाखाली वाकली, कपड्यांचं कपाटसुद्धा उघडलं. मला तिच्या हाका ऐकू येत होत्या, आधी सहज मारलेल्या, मग रडवेल्या. मध्येच ती धावत बाहेर आली, पुन्हा मला बघितलं आणि पुन्हा आत गेली. मी ओरडले असते हो, घसा फाडून ओरडले असते, पण लोखंडाला कसलं तोंड! तेवढ्या वेळात म्हातारे मोठ्या रस्त्याला पोचले. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला, पण फार उशिरा. वाणी सांगायला धावत आला, तेव्हा ती माळ्यावर चढून त्यांना शोधत होती.

माणसं येऊन गेली आणि घर गप्प झालं. नवरा-बायको जेवढ्यास तेवढं बोलत. कडाडून भांडले असते तर बरं, असं मला वाटायचं. मग एका संध्याकाळी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि खांबावरचा कोयंडा उखडायला लागला. ती धावत आली. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "शाबास म्हणाले म्हणून मी त्यांना परत परत सरकवायला लावली. मीच शिकवलं गं त्यांना."

तिनं खांबाला हात टेकला. मग म्हणाली, "आणि मी कडी बघून घरातच शोधत बसले."

दोघंही तिथंच मातीत बसून रडली.

आता खांबाला कोयंडा नाही, स्क्रूची भोकं तेवढी आहेत. फाटक दिवसभर उघडं असतं. मला पुढे सरकवलं तरी समोर काहीच नाही, म्हणून कोणी सरकवतही नाही. पाऊस येतो, धूळ येते, मी चिकटत चाललेय. माझं काय, मी अशीच संपेन.

पण माझं एवढं ऐका. तुमच्याही घरात कोणी विसरायला लागलं असेल आणि एखाद्या दुपारी हाकेला ओ आली नाही, तर माझ्यासारखीकडे बघत उभे राहू नका. कडी लागलेली दिसली तरी आधी रस्त्यावर धावा. घर काय, मागून शोधता येतं.