गवारीचं जुनं बी

डॉक्टर रागिणींनी हर्षाच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली आणि तशीच धरून ठेवली. आत लाली असायला हवी होती, तिथे नुसता पांढरा रंग होता. त्यांनी दुसरा डोळा पाहिला. मग हातातला रिपोर्ट पुन्हा वाचला, पहिल्यांदा वाचताना आपलंच काही चुकलं असावं अशा चेहऱ्याने.

"हिमोग्लोबिन चार पॉइंट आठ," त्या म्हणाल्या. "एवढं कमी असताना तुम्ही चालत आलात? आणि मलेरियाही निघालाय."

"मलेरिया म्हंजे?" खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या पार्बताबाईंनी विचारलं.

"हिवताप, आजी."

हर्षाचे सासरे खुशालराव खाटेशेजारी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"नाई," ते म्हणाले. "असं होऊच शकत नाई डाक्टरीनबाई. माह्या घरी डासच नाई."

शेजारच्या खाटेवरची बाई तापातही हसली. हर्षाला मात्र हसू आलं नाही. मामाजींचा चेहरा इतका उतरलेला तिने सहा वर्षांत पाहिला नव्हता.

हिवरखेडात खुशालरावांना गप्पीवाले म्हणत. ते भाजी पिकवत, कडेला शेवंतीचे चार वाफे, आणि विहिरीजवळच्या टाक्यात गप्पी मासे पाळत. हे मासे डासांची पिल्लं खातात, असं ते दिसेल त्याला सांगत. सांगून थांबतील तर ते खुशालराव कसले. प्लास्टिकच्या डब्यात मासे घेऊन लोकांच्या टाक्यांत न विचारता सोडून येत. कोणाच्या दारात पाणी साचलेलं टायर दिसलं की स्वतःच उलटं करत आणि वर घरमालकाला चार शब्द सुनावत. गाव त्यांची टिंगल करी, पण फार नाही, कारण त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा, हर्षाचा नवरा कुंदन, सहा वर्षांपूर्वी हिवतापाने गेला होता.

म्हणजे, तसं गावाला ठाऊक होतं.

कुंदन गेला त्या दिवशी अंगणात माणसं जमली होती आणि कोणीतरी विचारलं, पोराला झालं तरी काय होतं. खुशालरावांनी खिशातून दवाखान्याचा कागद काढला, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. कागदावर तीन इंग्रजी अक्षरं होती: एच, आय, व्ही. खुशालरावांनी ती जोडून वाचली.

"हिव," ते म्हणाले. "हिवताप लिवला हाय."

हर्षा दारात बसून ऐकत होती. तिला त्या अक्षरांचा अर्थ दोनच दिवसांपूर्वी कळला होता. पण लोकांनी माना हलवल्या. हिवतापाचं नाव ओळखीचं होतं. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याच्या या चुकीने आपल्याला वाचवलं, असं हर्षाला तेव्हा वाटलं. तिने ती चूक कधी दुरुस्त केली नाही. पुढे तिचीही तपासणी तशीच निघाली. तिची मुलगी, छोटी अपेक्षा, मात्र त्या आजारातून सुटली होती. हर्षाने अमरावतीहून गोळ्या सुरू केल्या. अकोल्याला ओळखीचं कोणी भेटेल, म्हणून अमरावती. घरी सांगायचं, दर्यापूरला बहिणीकडे जाते.

सासू नव्हती, माहेरी कोणी उरलं नव्हतं, बहीण तिच्या सासरी. मामाजींना कळलं आणि त्यांनी दार दाखवलं तर पोरीला घेऊन जायचं कुठे, या एका भीतीवर तिने सहा वर्षं काढली होती.

"चार दिवसांच्या तापाने रक्त इतकं उतरत नाही," डॉक्टर सांगत होत्या. "आधीपासूनच कमी असणार. रोजची कुठली गोळी चालू आहे?"

"नाई जी."

"जुना काही आजार?"

पार्बताबाईंनी मान पुढे केली. गावाहून सोबतीला म्हणून आलेली ही शेजारीण स्वभावाने वाईट नव्हती. पण तिच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तेल्हाऱ्याच्या बाजारात पोचे.

"काहीच नाई," हर्षा म्हणाली.

"अजून दोन-तीन तपासण्या करू या का? तुमची परवानगी लागेल."

"नको."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "हे बघा, रक्त आज चढवते. पण ते कशाने कमी होतंय हे कळलं नाही, तर चढवलेलंही टिकायचं नाही. पुढच्या वेळी तुम्ही चालत येण्याच्या स्थितीत असालच असं नाही. दहा मिनिटांनी येते. विचार करून ठेवा."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. हर्षाने डोळे मिटले. तापाने कान वाजत होते. चार दिवस गोळी घेतली नव्हती. अंथरुणातून उठून माळ्यावर चढायची ताकदच नव्हती, आणि काढून दे म्हणून सांगणार कोणाला? इथे मरण समोर उभं होतं आणि तिला मामाजी काय म्हणतील याचीच धास्ती होती. हे वेडेपण आहे, हे कळत असूनही तोंड उघडत नव्हतं.

"पार्बताबाई," खुशालराव म्हणाले, "तिच्यासाठी चहा आना बरं. भायेरचा आना, गेटजवळचा. इथला पाणचट रायते."

"मी जाऊ? तुमी जा ना भाऊ."

"माहे गुडघे दुखून राह्यले."

पार्बताबाई कुरकुरत उठल्या. त्या दाराबाहेर जाईपर्यंत खुशालराव त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी कापडी पिशवी उघडली, एक पत्र्याचा डबा काढला आणि हर्षाच्या हाताजवळ ठेवला.

हर्षाने डबा ओळखला. गवारीच्या जुन्या बियाण्याचा डबा. माळ्यावर, तुराट्यांच्या पेंढीमागे ठेवलेला. वर चार बोटं किडकं बी, खाली लेबल खरवडलेली गोळ्यांची बाटली आणि अमरावतीचं कार्ड. न उगवणाऱ्या बियाण्यात कोण हात घालतं, म्हणून तिने तो डबा निवडला होता.

"मामाजी, हा..."

"हळू बोल." ते तिच्याकडे बघत नव्हते, डब्याच्या झाकणाकडे बघत होते. "हिवताप त्यायले सापडला. हिव तुले सांगा लागीन."

तिला आधी वाटलं, तापात भलतंच ऐकू आलं.

"तुमाले... कधीपासून?"

"कुंदनच्या डाक्टरनं मले बसवून सांगतलं होतं. तुही तपासनी करा म्हनला. तू सांगत नव्हती. मंग मी कसा इचारू?"

 हर्षाच्या डोळ्यांसमोर भलत्याच गोष्टी येत होत्या. गावातले शेतकरी फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन अंगणात येत, किती मिली टाकायचं ते विचारायला, आणि मामाजी चष्मा लावून त्यावरचं मुंगीएवढं इंग्रजी घडाघडा वाचून दाखवत. दर महिन्याला, तिने विषय काढायच्या आदल्या संध्याकाळीच, शेवग्याच्या शेंगांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली असे: दर्यापूरले जाऊन ये वं, बहिणीले शेंगा दे. एकदा तर बहीण पाहुणी म्हणून घरातच होती, तरी पिशवी भरलेली. म्हाताऱ्याला विसर पडायला लागला, म्हणून दोघी बहिणी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आणि हा डबा. दर पेरणीआधी खुशालराव माळा झाडून जुनं बी उकिरड्यावर ओतत. एक दाणा ठेवत नसत. हा डबा सहा पेरण्या जागचा हलला नव्हता.

आणि ते मासे. ती टायरं. गावभर हिंडून, लोकांची बोलणी खाऊन, हा माणूस सहा वर्षं एका खोट्या हिवतापाशी भांडत होता.

"डाक्टरीनबाई येऊन राह्यल्या," खुशालराव म्हणाले. "सांगशीन ना?"

तिने मान हलवली. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठ फिरवून उभे राहिले. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

हर्षाने किडक्या बियांत हात घालून बाटली आणि कार्ड काढलं. ती तीन अक्षरं तिने गेल्या सहा वर्षांत हिवरखेडच्या कोणाच्याही कानापाशी उच्चारली नव्हती. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, कार्ड उलटसुलट वाचलं, आणि त्यांच्या खांद्यांचा ताण उतरलेला हर्षाला दिसला.

"यातली एक गोळी काही जणांचं रक्त कमी करते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अमरावतीला फोन करते, बदलता येईल. पण आपल्या मनाने बंद करायची नाही. मलेरिया तुमच्यासारख्यांना जास्त पाडतो, म्हणून आजच सगळं सुरू करू. सांगितलंत, फार बरं केलंत."

त्यांनी कागदावर दोन्ही आजारांची नावं आणि औषधं लिहिली आणि कागद उशाशी ठेवून त्या रक्ताची व्यवस्था करायला गेल्या.

पार्बताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा डबा पिशवीत गेलेला होता.

"काय म्हने डाक्टरीनबाई? काय लिवलं येवढं?"

हर्षाचा हात कागदाकडे गेला, पण खुशालरावांनी तो आधीच उचलला होता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, सावकाश कानांवर चढवला. मग पार्बताबाईंना दिसेल असा कागद धरून त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"हिव," त्यांनी वाचलं. "हिवताप लिवला हाय."

"अगं माय! मंग तुमचे गप्पी काय झोपले होते काय, भाऊ?"

"झोपले असतीन," खुशालराव म्हणाले. "टाकं मीच धुतलं नाई यंदा. माहीच चूक हाय."

उद्या हे सगळ्या गावात पसरणार होतं. गप्पीवाल्याच्या घरात हिवताप निघाला म्हणून पोरंसोरंही हसणार होती. हर्षाने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. खुशालरावांनी कागदाची घडी घातली आणि ती छातीजवळच्या खिशात ठेवली, सहा वर्षांपूर्वी अंगणात ठेवली होती तशीच.