आधी सारजीला टोचा

आमच्या आबांना मेंढरांतलं जेवढं कळायचं तेवढं बीडच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. त्याच कळण्यानं आमच्या घराचा घात केला. आता जो तो म्हणतो की पूर्वीची माणसं अडाणी होती, म्हणून असं व्हायचं. मला हे ऐकलं की राग येतो. अडाणी माणूस हातावर हात ठेवून गप्प बसला असता. आबा गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

आमचं घर पाली गावात होतं, बिंदुसरेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. आबांचं नाव धुळाजी, मायचं छबू. मी सारजा, तेव्हा नऊ वर्षांची. माझ्या पाठीवरचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, त्यानंतर लिंबा झाला. तो तरी राहावा म्हणून मायनं त्याचं नाक टोचून त्यात वाळी घातली होती. चार वर्षांचा झाला तरी वाळी काढली नव्हती. लिंबा शिंकला तरी घरातली चार माणसं धावायची. मी विहिरीत पडले असते तर संध्याकाळी भाकरी मोजताना कळलं असतं. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. घर तसंच होतं आणि मला ते तसं दिसत होतं.

मेंढरांत देवी आली की कळपच्या कळप बसतो. आबांकडे तिच्यावर एक रीत होती, त्यांच्या बापानं शिकवलेली. जी मेंढी देवीतून उठून चरायला लागलीय तिच्या फोडातला पू बाभळीच्या काट्यावर घ्यायचा आणि बाकीच्यांच्या कानाला आतून ओरखडा काढून लावायचा. मेंढरं दोन दिवस मान टाकून पडायची, मग उठायची. शंभरात दोनचार जायची, बाकी तरायची. लांबलांबचे धनगर आबांना बोलवायला यायचे.

ते साल मानमोडीचं. दिवाळीच्या आगेमागे गावात चाळीसेक माणसं गेली. मानेत कळ निघायची, अंग फणफणायचं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओठ निळे पडून माणूस संपायचा. माझा चुलता आणि चुलती एकाच आठवड्यात गेली. चुलत्याला उचलायला खांदेकरी मिळेनात, तेव्हा आबांनी त्याला एकट्यानं पाठीवर घेऊन नेलं. पुढं साथ ओसरली. लोक जरा माणसांत आले, तोच माघात बातमी आली की बीडात ती पुन्हा लागलीय. तिच्या मागोमाग दवंडी आली की मानमोडीवर नवी लस निघालीय आणि सरकारचा माणूस खाजामियाँ उद्या चावडीत बसून टोचणार आहे.

त्या दुपारी माय अंगणात लोकरीतले गोखरू वेचत होती आणि मी तिच्या शेजारी बसले होते. आबा खांबाला टेकून बसले होते.

"दोघांलाबी टोचून घेऊ," माय म्हणाली. "बीडात मानसं रांगा लावायलीत म्हनं."

"रांगा लावनाऱ्यांला काय कळतंय? सुईच्या टोकाला काय हाय ते त्या खाजामियाँला तरी ठावं हाय का?"

"मंग तुमच्या काट्याच्या टोकाला काय असतंय ते तुमाला ठावं हाय? तरी लावताच की न्हाई?"

"ते माझ्या बानं दावलंय."

"त्याला बी कुनी तरी पैल्यांदा दावलंच आसंल."

मायशी बोलताना आबा नेहमीच हरायचे. ते हळू आवाजात म्हणाले, "लिंबाला काई झालं म्हंजी?"

"आन न टोचता झालं म्हंजी? तुमच्या भावाला कुनी सुई टोचली व्हती?"

लिंबा अंगणात करडाचे कान ओढत होता. आबा त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आसं करू," ते म्हणाले. "आधी सारजीला टोचू. चार दीस बघू. तिला मानवली की मंग लिंबाला."

मायचा हात थांबला. "सारजी कावून आधी? ती वरकड हाय का?"

"थोरली हाय. अंगानं दनकट हाय. नवी दवा आपुन दनकट मेंढीलाच आधी लावतो."

"पोरगी हाय ती. मेंढी न्हाई."

"मंग दोघांलाबी नगं. म्या लिंबाच्या अंगाला सुई लावू देनार न्हाई, आधी सांगतो."

माय भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडायची, भांड्याला भांडं लागलं तरी भांडायची. पण त्या दुपारी तिनं मांडीवरची लोकर झटकली आणि म्हणाली, "टोचा मंग तिला." पोटच्या दोघांतलं एक तरी टोचलं जातंय, एवढाच हिशेब तिनं केला असावा. मला कुणी विचारलं नाही.

चावडीत खाजामियाँ चटईवर बसला होता. बीडचा माणूस, दाढीत पांढरे केस, बोलणं मवाळ. सुई उकळत्या पाण्यातून काढून त्यानं माझ्या दंडात टोचली. मी ओरडले नाही.

"आन लहान्याला?" त्यानं विचारलं.

"त्याला मागनं," आबा म्हणाले.

"मागनं कवा? म्या उद्या अंबाजोगाईकडं निघालो. दहाव्या दिवशी दुसरी सुई द्यायला येतो, पर तवर पैलीची दवा उरंल ह्याचा भरोसा न्हाई. आनलंय तर टोचून घे, धुळाजी."

"ही चालती का? खरं सांगा."

खाजामियाँनं सुई खाली ठेवली. "नवी हाय. हिच्यानं मानमोडी येनारच न्हाई आसं म्या सांगनार न्हाई. टोचलेल्यांत कमी मरतात आसं वरचे लोक सांगतात. माझी चारी लेकरं म्या माझ्या हातानं टोचली. ह्याच्या वर काय सांगू?"

आबांनी लिंबाला खांद्यावर घेतलं आणि मला पुढं घालून ते घरी निघाले. मागून खाजामियाँ सांगत होता, "बुखार येईल, डरू नका. आन दंडाला काई लावू नका."

घरी येताच मायनं दंडाला हळद आणि लेंड्यांची राख थापली. काहीच न लावता जखम उघडी ठेवायची, हे तिच्या मनाला पटणं शक्य नव्हतं.

मला ताप आला. एक रात्र आणि एक दिवस अंग ठणकत होतं. आबा उशाशी बसून होते, तासातासाला डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचे, मेंढीची बघतात तशी. माझ्यासाठी इतका वेळ ते आधी कधी बसले नव्हते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मी दूध-भाकरी खाल्ली. दंड मात्र सुजला होता आणि त्या राखेखाली चांगला सुपारीएवढा फोड धरला होता.

"मानवली," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला की मला माझाच अभिमान वाटला.

त्याच दिवशी शेजारची गीताबाई अंथरुणाला खिळली. तिसऱ्या दिवशी ती गेली. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, आणि ती आजारी पडायच्या आदल्या दिवशी लिंबा तिच्या मांडीवर बसून शेंगा खाऊन आला होता. आमच्या तोंडचं पाणी पळालं. आबा पहाटेच उठून चालत बीडला गेले. तिथं सांगितलं की असेल नसेल ती लस खाजामियाँबरोबर गेलीय, तो परतेल तेव्हाच. अंबाजोगाई काही जवळ नव्हे, आणि तो वाटेत कुठल्या गावी बसला असेल कोण सांगणार?

आबा दुपारी परत आले ते पाणीसुद्धा प्याले नाहीत. सरळ माझ्यापुढं उकिडवे बसले आणि माझा दंड उन्हाकडे वळवून बघत राहिले.

"छबे," त्यांनी मायला हाक मारली. "दवा घरातच हाय की."

माय जवळ आली. त्यांनी फोडावर बोट ठेवलं.

"हिच्या अंगातनं चाळून आलीय. त्यातलं जहर हिनं सोसलं, आता निस्ती दवा ऱ्हायलीय. मेंढरांचं आपुन आसंच करतो का न्हाई?"

एवढं भांडणारी माझी माय, तिनं एकही प्रश्न विचारला नाही. उलट तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "माझ्या ल्हानपनी देवी काढाया मानूस यायचा, तो बी एका लेकराच्या दंडावरचं दुसऱ्याला लावायचा. मला तसंच लावलं व्हतं." दोघं एका गोष्टीवर इतकी एकदिलानं बोलताना मी त्याआधी ऐकली नव्हती.

आबांनी नवा काटा आणला. मी स्वतःहून हात पुढं केला. फोड फुटला तेव्हा दुखलं, पण मी दात आवळून बसले. लिंबा किंचाळत होता आणि मायनं त्याला पोटाशी घट्ट आवळून धरलं होतं. आबांनी त्याच्या दंडावर तीन ओरखडे काढले आणि माझ्यातलं त्याच्यात चोळलं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. लिंबाला लागणारी वस्तू या घरात फक्त माझ्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी लिंबाला ताप भरला. "लागली!" म्हणून आबांनी मेंढवाड्यातूनच ओरडून सांगितलं. मायनं गुळाचा खडा देवापुढं ठेवला.

तिसऱ्या दिवशी लिंबाचा दंड लालभडक झाला आणि लाली खांद्याकडे चढायला लागली. माय माझ्याजवळ आली. "सारजे, तुला बी आसंच झालतं का गं? आठव."

मला असं झालं नव्हतं. माझी सूज फोडापुरती होती. पण माय माझे दोन्ही हात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू गावात मी एकटीच शहाणी उरले होते. मी म्हणाले, "व्हय, आसंच."

मग दर थोड्या वेळानं दोघांतलं कुणीतरी यायचं. सारजे, तुला अशी थंडी वाजली व्हती का? व्हय. काखेत गाठ आली व्हती का? व्हय, आली व्हती. तुला आमी वळखू येत व्हतो का? मी म्हणाले, "एक दीस न्हाई आला वळखू." एकेका उत्तरासरशी त्यांच्या जिवाला थारा मिळायचा, आणि मला तो देता येत होता. माय एकदा म्हणाली, "खाजामियाँ न्हाई तर बीडात दुसरं कुनी बघंल, न्यायचं का?" आबा म्हणाले, "ताप उतरायच्या टायमाला वाऱ्यात कशाला? सारजीचा उतरलाच की." मी तिथंच बसले होते.

पाचव्या दिवशी सकाळी लिंबा गेला. त्याचे ओठ निळे पडले नव्हते. काळा पडला होता तो दंड. मायनं त्याच्या नाकातली वाळी काढायचा प्रयत्न केला, पण ती निघेना, म्हणून तशीच राहू दिली.

ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरानं खाजामियाँ आला. रस्त्यात गावोगाव साथ होती, म्हणून अडकलो म्हणाला. सामान घेऊन तो आमच्या अंगणातच आला.

"लहान्याची दवा राखून ठेवली म्या," तो म्हणाला. "बोलवा त्याला."

माय म्हणाली, "मानमोडीनं गेला."

खाजामियाँनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मानमोडीनं न्हाई," आबा म्हणाले. "म्या मारला." आणि काय केलं ते त्यांनी काट्यासकट सांगितलं.

"म्या धरलं व्हतं त्याला," माय म्हणाली. "आपुन दोघांनी."

खाजामियाँ खाली बसला. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याचा आवाज चढला नाही. "ती दवा मेलेली असतीय, धुळाजी, देवीवानी जित्ती न्हाई. एकातनं दुसऱ्यात जात न्हाई. तुमी लावला तो निस्ता सडका पू." मग जरा थांबून म्हणाला, "पर लाली वर चढाया लागली तवाच बीडला कावून न्हाई आनला? दंड चिरून घान काढली असती. वाचला बी असता कदाचित."

आबांनी माझ्याकडे हात केला. त्यात दोष देणं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "हिला बी तसंच झालं व्हतं म्हून थांबलो."

खाजामियाँनं माझा दंड हातात घेतला. फोडाच्या जागी नवी कातडी धरत होती. त्यानं ती अंगठ्यानं दाबून बघितली, खांद्यापर्यंत बोट फिरवलं, काख चाचपली. त्याला कळलं असावं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"व्हय, पोरी? तुला तसंच झालं व्हतं?"

माय बघत होती. आबा बघत होते.

"व्हय," मी म्हणाले.

खाजामियाँनं माझा दुसरा दंड पुढं ओढला आणि सुई टोचली.