पेशी जुळवून घेतात

प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत, अगदी तिचे सरसुद्धा. वडील गेले तेव्हा सरांनीच तिचं शिक्षण सुटू दिलं नव्हतं. पुढे फुप्फुसाच्या पेशी वाढवायलाही त्यांनीच शिकवलं.

ताई त्या पेशींवर व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, धूर सोडून बघायची. धडधाकट पेशी ऑक्सिजनच्या मदतीने साखरेतली ऊर्जा पुरेपूर काढून घेते. धूर लागला की पेशीतली ही भट्टीच मंदावायची. मग पेशी साखरेचा नुसता फडशा पाडायची, पण ऊर्जा मिळायची जेमतेम. आम्ल साचून, पेशी ज्यात वाढायच्या तो काचेच्या बशीतला गुलाबी द्रव पिवळा पडायचा.

"खातात बकाबका, पण अंगी काही लागत नाही," ती धाकट्या भावाला सांगायची. तो हसून व्हेपचा आणखी एक झुरका घ्यायचा.

एकदा जेवताना त्याने फोन तिच्यापुढे धरला. व्हेप कंपनीची जाहिरात होती. पांढऱ्या कोटात सर, मागे ताईच्याच पिवळ्या बशा. सर सांगत होते, "पेशी जास्त जोमाने साखर वापरतात. पेशी जुळवून घेतात."

"तुझेच सर ना? मग मी कशाला सोडू?" भाऊ म्हणाला.

ताईने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. "सर, साखर जास्त का लागते, ते गाळलंत तुम्ही."

"मी खोटं काय बोललो?"

"माझा भाऊ तुमच्या भरवशावर ओढतोय."

सरांनी चष्मा पुसला. "ताई, पेशींचा श्वास मोजायचं ते यंत्र कुणी दिलं, विचारलंस कधी? त्याच कंपनीने."

त्या यंत्राला ती दुसऱ्या कुणाला बोटही लावू द्यायची नाही, आणि सगळं ठाऊक असून सर तिचं कौतुक करत आले होते.

संस्थेच्या वार्षिक सभेत तिने सरांनी गाळलेली ऊर्जेची मापं सगळ्यांसमोर मांडली. अध्यक्षस्थानी सरच होते. ते शांतपणे म्हणाले, "हिची मापं अजून कच्ची आहेत." तीच मापं आधी त्यांनी स्वतः तपासून पसंत केली होती.

घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा भाऊ उखडला. "कच्ची? तुझी? अगं, तू आमटीत मीठसुद्धा तोलून घालतेस!" त्याने व्हेप कचऱ्यात टाकला. पुढचे काही दिवस तो सगळ्यांवर खेकसत होता, पण पुन्हा त्याने तो घेतला नाही.

ताईने ती प्रयोगशाळा सोडली. नव्या ठिकाणी तिने सगळे प्रयोग पुन्हा केले, निकाल तेच आले. ते छापून आल्यावर ती जाहिरात गुपचूप गायब झाली. सरांचा फोन मात्र आला नाही.

अजूनही एखादा प्रयोग अडला, की तिचं बोट आधी सरांच्याच नंबरवर जातं. मग ती फोन पालथा ठेवते.